लाईव्हमामा

मामांना फुटबॉल कळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की हा माणूस मेस्सीचा नाहीतर एम्बाप्पेचा भक्त आहे. ऑफसाईड म्हणजे काय, हे त्यांना गावातल्या तीन पिढ्यांनी समजावून झालंय. कोणी काड्या मांडून, कोणी शेंगदाणे मांडून, आणि एका मास्तरांनी तर अंगणात खरी पोरं उभी करून. मामा सगळं शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात आणि शेवटी विचारतात, "ते समदं बरोबरंय सर. पण हे लाईव्ह हाय ना?"

मामांचा फुटबॉलशी संबंध आहे तो एवढ्या एका प्रश्नापुरता. त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर आणि मतदार यादीत आहे. एरवी सगळं चुडावा गाव त्यांना लाईव्हमामा म्हणतं, आणि मागून नव्हे, तोंडावर म्हणतं. मामांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. लग्नात माईकवाल्याच्या मागं उभा राहून 'हॅलो, चेक' म्हणणारा, गणपतीच्या लायटिंगचा फ्यूज उडाला की खिशातून टेस्टर काढणारा, दुसऱ्याच्या मोबाईलमधली भाषा चुकून चिनी झाली तर ती परत मराठी करून देणारा. जात हीच. आमच्या मामांनी फक्त या सगळ्या विद्येला एकच विषय धरला: वर्ल्डकपची फायनल, थेट.

क्रिकेट का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. मामा हसले. "क्रिकेट काय, कोणीबी लावतंय. किराणा दुकानात चालूच असतंय. त्याला माणूस कशाला लागतो?" फुटबॉलची फायनल मात्र मध्यरात्री असते, कोणत्या चॅनलवर आहे ते दर चार वर्षांनी बदललेलं असतं, आणि गावातल्या कोणालाही तिची गरज नसते. तिथं व्यवस्था लागते. मामांना व्यवस्था करायची असते.

चुडावा पूर्णा आणि नांदेडच्या मधे, लोहमार्गावर. पूर्णा मोठं जंक्शन, नांदेड मोठं शहर, आणि आम्ही मधलं स्टेशन. मामांचं लहानपण रुळांच्या कडेला ढोरं वळण्यात गेलं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या न थांबता धडधडत जायच्या. थांबायची ती पॅसेंजर, आणि तीही उशिरा. सिनेमा आधी मुंबईत, मग नांदेडात, मग पूर्ण्यात, आणि आमच्याकडं आला तर जत्रेतल्या तंबूत, रीळ झिजून हिरोचं तोंड पुसट झाल्यावर. पेपर दुपारी यायचा. मामांच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी पक्कं बसलं असावं. "सगळं जग ज्या टायमाला बघायलंय, त्याच टायमाला आपुन बघायचं. पाच मिन्टं उशीर झाला की ते शिळं. शिळं आपुन लई खाल्लं."

मामांची एक वही आहे. दोनशे पानी, रेघांची, कव्हरवर झाशीची राणी. तिच्यात १९८६ पासूनच्या फायनल आहेत. कोण जिंकलं, किती गोल झाले, असले रकाने तिच्यात नाहीत. रकाने आहेत ते असे: तारीख, आपला टाईम, कशावर बघितली, आणि शेवटचा, अडचण. हा शेवटचा रकाना एकदाही रिकामा नाही. १९९४ च्या ओळीत 'रात्री १ वाजता, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर' असं लिहिलंय आणि अडचणीत 'बॅगिओने मारली तेव्हा बॅटरी बदलत होतो'. इटलीच्या बॅगिओने पेनल्टीचा चेंडू गोलच्या वरून मारला आणि ब्राझील जिंकलं, हे मामांना दुसऱ्या दिवशी दुपारी पेपरात कळलं. म्हणजे शिळंच. २००२ च्या ओळीत तर नुसती नाराजी आहे. सामना जपानात, योकोहामाला, त्यामुळं आपल्याकडं दुपारचे साडेचार. "दिवसाढवळ्या कोणी फायनल ठेवतंय का? मान्सं पेरणीवर." २०१० ला मध्यरात्री बारा. अडचण: 'टीव्हीतून घूंऽऽ असा आवाज. स्पीकर खोलला.' तो आवाज स्पीकरचा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत प्रेक्षक वुवुझेला नावाची पिपाणी फुंकत होते, आणि सगळ्या जगाच्या टीव्हीतून तोच घूंकार येत होता. मामांनी मात्र स्टॅबिलायझर बदलला, वायरी उलट्या केल्या, आणि ११६ व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्तानं गोल मारला तेव्हा ते स्क्रू तोंडात धरून स्पीकरच्या मागं बसलेले होते.

पण सगळ्याचं मूळ १९८६.

२९ जून. मेक्सिकोच्या अझ्टेका स्टेडियमवर अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनी. तिथं भर दुपारचे बारा, आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. दूरदर्शन थेट दाखवणार होतं. गावात ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांचा लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. घर माळवदाचं, माळवदावर बांबू, बांबूला अँटिना. मामा तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं. आत बसायला जागा मिळेना म्हणून त्यांनी वरची जबाबदारी घेतली. खिडकीत एकजण उभा केला. चित्र बिघडलं की त्यानं 'गेलं' म्हणायचं, नीट झालं की 'आलं'. ही पद्धत त्या काळी महाराष्ट्रभर एकच होती आणि तिच्यासाठी कोणी सरकारी आदेश काढला नव्हता.

मामांनी दीड तास माळवदावर काढला. खाली अर्जेंटिनानं दोन गोल मारले, जर्मनांनी दोन्ही फेडले, आणि मामा वर बांबू मिठीत घेऊन 'आलं का? आलं का?' करत राहिले. शेवटची सहा-सात मिनिटं उरली. मॅराडोनानं चेंडू पुढं सरकवला, बुरुचागा एकटाच पळत सुटला, आणि आतली सगळी माणसं एकदम ओरडली: "गोल! गोल! गोल!"

मामांनी आज्ञा पाळली. दोन्ही हातांनी बांबू धरला आणि अँटिना गोल, गोल, गोल फिरवला. मॅराडोनानं कप उचलला तेव्हा चुडाव्यात टीव्हीवर मुंग्या होत्या.

त्या रात्री मामांना खाली उतरू दिलं नाही, असं म्हणतात. मामा म्हणतात ते स्वतःच उतरले नाहीत. काहीही असो, पुढची फायनल आपल्या अंगणात, आपल्या जबाबदारीवर, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

पुढं केबल आली, केबल गेली, डिशची छत्री आली. छत्रीवर मामांनी जे प्रभुत्व मिळवलं ते अभ्यासण्यासारखं आहे. पोरं मोबाईलमधल्या ॲपवर कोन बघतात. मामा अंगणात उभे राहतात, डावा डोळा मिटतात आणि हात सरळ आग्नेयेला धरतात. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर. चुडाव्यातून तो आग्नेयेलाच पडतो. मामांना रेखांश माहीत नाही, दिशा माहीत आहे. अडचण अशी की आग्नेयेला मामींचं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या पुढं लिंब. चैत्रात फुटलेली पालवी जुलैपर्यंत दाट होते आणि बरोबर छत्रीच्या तोंडावर येते. दर वर्ल्डकपला मामा कोयता घेऊन लिंबाखाली जातात आणि दर वर्ल्डकपला मामी दारात उभ्या राहतात. मग दोन फांद्यांवर तडजोड होते. लिंबावरचे तोडलेल्या फांद्यांचे खुंट मोजले तर किती वर्ल्डकप झाले ते सांगता येतं.

आणि पाऊस. फायनल बहुधा जुलैत. तेव्हा इकडं मृग दगा देऊन गेलेला असतो, पेरलेलं सोयाबीन उगवून माना टाकायला लागलेलं असतं, दुबार पेरणीचं संकट दारात असतं, आणि गावातलं प्रत्येक माणूस आभाळाकडं बघत असतं. मामांची छत्रीही आभाळाकडंच बघते, पण मामांचं मागणं उलटं. पाऊस जोरात आला की उपग्रहाकडून येणारा सिग्नल थेंबांत विरतो आणि पडद्यावर चौकोन चौकोन होऊन चित्र थिजतं. त्यामुळं 'फायनल झाल्यावर येऊ दे रे बाबा' असं मामा एकदा पारावर बोलून गेले. त्यानंतर आठ दिवस त्यांना कोणी तंबाखू दिली नाही.

२०१४ ला तर फारच पंचाईत झाली. त्या वर्षी मराठवाड्यात पावसानं जी ओढ दिली ती सगळ्यांना आठवत असेल. जुलैचा मध्य आला तरी आभाळ कोरडं ठक्क. फायनल १३ जुलैच्या रात्री, म्हणजे खरं तर १४ तारीख लागल्यावर साडेबाराला. सिग्नल इतका स्वच्छ मामांच्या उभ्या आयुष्यात कधी आला नव्हता, आणि हे कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. मामांनी त्या रात्री आवाज एकदम बारीक करून सामना बघितला. जर्मनीच्या गोएत्झेचा गोल झाला तेव्हा फक्त एकदा खाकरले.

त्याच वर्ल्डकपच्या सेमीफायनलची गोष्ट मात्र ते स्वतः सांगत नाहीत, मामी सांगतात. ब्राझील-जर्मनी, पहाटे दीड. जर्मनीचा दुसरा गोल २३ व्या मिनिटाला झाला. २४ व्याला तिसरा, २६ व्याला चौथा, २९ व्याला पाचवा. मामा उठून उभे राहिले. "हे लाईव्ह न्हाई! तोच तोच गोल दाखवायलेत! रिप्ले हाय हा!" पोरं म्हणाली मामा, आकडा बघा वर. मामा म्हणाले आकडा कोणीबी टाकतंय. आणि त्यांनी खरा लाईव्ह सामना शोधण्यासाठी चॅनल बदलायला सुरुवात केली. भजन, सोन्याच्या दागिन्यांची जाहिरात, कोळंबीची शेती, सगळं पालथं घालून ते परत आले तेव्हा मध्यंतर झालं होतं. पुढं सात-एक झाले ते मामांनी मान्य केले, पण ते पाच गोल त्यांनी अजून मान्य केलेले नाहीत.

कायदा मात्र मामांना पाठ आहे. ऑफसाईडचा नव्हे, २००७ चा. राष्ट्रीय महत्त्वाचा सामना ज्या खासगी चॅनलनं विकत घेतला असेल त्यानं त्याचं प्रक्षेपण प्रसार भारतीलाही द्यावं, असा संसदेनं कायदा केला, आणि त्या सामन्यांच्या यादीत वर्ल्डकपची फायनल आहे. पुढं २०१७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शननं स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवर दाखवावं. खासगी केबलवाल्यांनी त्यावर हात मारू नये. ह्या निकालानं मामांची मान ताठ झाली. महिन्याला पैसे भरणाऱ्यांच्या डिशवर दूरदर्शनच्या जागी पाटी, आणि फुकटवाल्या मामांच्या छत्रीवर सामना, असा न्याय देशात आहे हे ते पूर्ण्याच्या बसमध्ये अनोळखी माणसांनाही सांगतात.

२०१७ हे मामांच्या आयुष्यातलं आणखी एका कारणानं मोठं वर्ष. सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप भारतात भरला. सप्टेंबरच्या १५ तारखेला राज्यभर शाळाशाळांत पोरांनी फुटबॉल खेळायचा असा सरकारी कार्यक्रम होता; शाळांना चेंडू आले. चेंडू आले तेव्हा मऊ होते, आणि हवा भरायला अर्थातच मामांना बोलावलं. सायकलच्या पंपाला कसली तरी सुई जोडून मामांनी चेंडू टणक केले आणि पोरांना म्हणाले, "खेळा. पण हे काय खरं न्हाई. खरं म्हंजे नवी मुंबईला हाय, पंचवीस ऑक्टोबरला."

आणि ते गेले. पूर्ण्याहून रात्रीची गाडी धरून, डबा बांधून, नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सेमीफायनल बघायला. स्पेन विरुद्ध माली. चुडाव्यातून वर्ल्डकपच्या स्टेडियममध्ये गेलेला मला माहीत असलेला हा एकच माणूस. यापेक्षा लाईव्ह काही असू शकत नाही, असं तुम्हाला-मला वाटेल. मामा बसले, सामना सुरू झाला, आणि वीस-पंचवीस मिनिटांत मामा कावरेबावरे झाले. गोल झाला तो कोणी मारला, सांगायला कोणी नाही. पुन्हा दाखवत नाहीत. खेळाडू मुंगीएवढे. कोपऱ्यात आकडा नाही, मिनिटं नाहीत. मामांनी मोबाईल काढला आणि मैदानाकडं पाठ करून, दिव्यांची तिरीप चुकवत, तोच सामना मोबाईलवर लावायचा प्रयत्न सुरू केला.

उत्तरार्धात गावाकडून फोन. "मामा, गोल झालता की! मालीवाल्यांचा! बॉल रेषेच्या आत पडला, पंचानं दिलाच न्हाई!" खरंच तसं झालं होतं. मालीच्या डूकुरेनं लांबून हाणलेला चेंडू आडव्या दांडीला लागून आत पडला होता, आणि पंचांनी खेळ पुढं चालू ठेवला होता. टीव्हीवर सगळ्या जगाला दिसलं. मैदानात बसलेल्या मामांना चुडाव्यातून कळलं. गावी आल्यावर स्टेडियमविषयी त्यांनी एकच अभिप्राय दिला: "खुर्च्या चांगल्या हायत. पण घरच्यावानी लाईव्ह वाटत न्हाई."

व्हीएआरबद्दल त्यांचं मत तर छापण्यासारखं नाही. २०१८ पासून वर्ल्डकपमध्ये गोल झाल्यावर पंच पडद्यापाशी जाऊन पुन्हा बघतात आणि कधीकधी गोल परत घेतात. मामांचा मुद्दा असा की मग आपण जे ओरडलो ते लाईव्ह होतं की नव्हतं? याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचत नाही.

आता २०२२. १८ डिसेंबर, रविवार. कतारमधली फायनल, आपल्याकडं रात्री साडेआठला. पहिल्यांदाच थंडीत, पहिल्यांदाच पावसाची भीती नाही. शिवाय त्याच दिवशी राज्यात सात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान होतं. संध्याकाळी साडेपाचला मतदान संपलं, निकाल २० तारखेला. मधले दोन दिवस माणसांना करायला काही नव्हतं. पाहुणेरावळे बोटाला शाई लावून मामांच्या अंगणात येऊन बसले. निम्मे फुटबॉल बघायला आणि निम्मे बेरीज-वजाबाकी करायला. एम्बाप्पे कोणत्या पॅनलकडून आहे, असं एका आजोबांनी विचारलं ते याच रात्री.

मामांनी या वेळी छत्रीला सुट्टी दिली. सामना मोबाईलवर फुकट होता, पोरांनी एका क्लासवाल्या सरांचा प्रोजेक्टर आणला होता, गोठ्याच्या भिंतीवर चादर ताणली होती. मोबाईलमधून वायर, वायरीतून प्रोजेक्टर, आणि भिंतीवर म्हशीच्या दुप्पट मेस्सी. मामा धन्य झाले. तेवढ्यात एक पोरगं म्हणालं, "मामा, हॉटस्पॉट द्या ना." मामांचा स्वभाव नाही म्हणायचा नाही. दुसऱ्यालाही दिला. तिसऱ्यालाही दिला. थोड्या वेळानं भिंतीवर मेस्सीच्या जागी चाक फिरायला लागलं. मामांनी नेटवर्कला शिव्या घातल्या, मोबाईल लिंबाला टांगून बघितला, पत्र्यावर ठेवून बघितला. मागच्या बाजूला त्यांच्याच हॉटस्पॉटवर पाचसहा पोरं रिल बघत बसली होती. हे उघडकीला आलं तेव्हा जे झालं ते मी लिहीत नाही.

चाक थांबलं, सामना सुरू झाला, आणि खरा घोटाळा पुढंच होता. समोरच्या चहाच्या हॉटेलात टीव्ही होता, छत्रीवरचा. तेविसावं मिनिट आलं. हॉटेलात एकदम आरोळी उठली. इकडं भिंतीवर मेस्सी अजून पेनल्टीला चेंडू ठेवत होता. अंगणानं मामांकडं बघितलं. मग मेस्सी पळाला, गोल झाला, अंगण ओरडलं, पण अर्ध्या मनानं. छत्तिसाव्या मिनिटाला पुन्हा तेच: हॉटेलवाले नाचून खाली बसले आणि मग डी मारियानं गोल मारला.

एका इंजिनिअरिंगच्या पोरानं समजावलं, की मोबाईलवरचा सामना तुकड्यातुकड्यानं साठवत साठवत येतो, म्हणून अर्धा-पाऊण मिनिट मागं असतो. छत्रीवाला काही सेकंदच मागं. मामांचा चेहरा उतरला. "म्हंजे आपुन इतका वेळ शिळं बघायलो?"

मामा उठले. दुसऱ्या मोबाईलवरून त्यांनी फोन लावला तो थेट दोह्याला. भावकीतलं एक पोरगं तिथं वायरमन आहे. ते त्या वेळी एशियन टाऊनमध्ये, कामगारांसाठी केलेल्या मैदानात, मोठ्या पडद्यासमोर बसलं होतं. मामांचा पहिला प्रश्न: "म्हंजे तूबी पडद्यावरच बघायला का?" ते म्हणालं, मामा, स्टेडियमात जायला तिकीट लागतंय. तरीपण त्याचं बघणं आमच्यापेक्षा ताजं होतं. मामांनी फोन कानाला चिकटवला आणि पुढचा सामना भिंतीकडं पाठ करून ऐकला.

अंगणात अर्जेंटिना दोन-शून्यनं पुढं होतं. पोरं गुलाल शोधायला लागली होती. मामांचा चेहरा अचानक बदलला. काही क्षणांनी आणखी बदलला. "पोरांनो," ते म्हणाले, "जास्त नाचू नका रे." कोणी ऐकलं नाही. मग भिंतीवर एम्बाप्पेनं पेनल्टी मारली, आणि ९७ सेकंदांत दुसरा गोल. अंगण सुन्न. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मामांना सगळं आधीच कळतंय, आणि तिथून मामांचं जगणं अवघड झालं. जादा वेळेत मेस्सीचा गोल मामांच्या भुवईवरून कळला. एम्बाप्पेचा तिसरा त्यांच्या 'अग आई गं' वरून. पेनल्टी शूटआऊट सुरू झालं तेव्हा तरण्या पोरांनी मामांना दोन्ही दंडांना धरून, मानानं पण घट्ट, घरात नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी लावली.

आत मामी ज्वारी निवडत होत्या. मामा कानाला फोन लावून खाटेवर. बाहेर अजून शेवटची पेनल्टी बाकी होती तेव्हा आत मामा टाळ्या वाजवत उभे राहिले.

"काय झालं?" मामी म्हणाल्या.

"संपली! जिंकले!"

"कोण?"

मामा थांबले. "थांब," ते म्हणाले, "इचारतो."

वहीत त्या ओळीला 'कशावर' या रकान्यात 'फोन' असं लिहिलंय.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात त्याच वर्ल्डकपसाठी १७ जणांनी मिळून २३ लाखांना घर विकत घेतलं होतं, फक्त एकत्र बसून सामने बघायला. ती बातमी मामांनी कापून वहीत चिकटवली आणि मामींना मोठ्यानं वाचून दाखवली. मामी म्हणाल्या, "त्यात काय? आपलंबी घर तुमी रात्री साडेबाराला सतरा जणांला देताच की. फक्त तेवीस लाख कोणी देईना."

मधे २०२४ ला फुटबॉलची कोपा अमेरिका स्पर्धा झाली आणि ती भारतातल्या कोणत्याच चॅनलनं घेतलेली नव्हती. मामांना हा अपमान वाटला. १५ जुलैला पहाटे साडेपाचला फायनल. एका पोरानं 'लिंक' दिली. लिंकमधून रमी आली, रमीतून केस उगवायचं तेल आलं, आणि तेलाचा पडदा बंद केल्यावर सामना दिसला. बरोबर साडेपाचला सुरू. अर्जेंटिना, कोलंबिया, हिरवं मैदान, चित्र आरशासारखं. मामा अर्धा तास हरखून बघत राहिले. मग पोरगं धापा टाकत आलं. "मामा, मायामीत गेटवर गर्दी उसळली, मॅच अजून सुरूच झाली न्हाई. तासभर उशीर हाय."

मामांनी मोबाईलकडं बघितलं. मोबाईलवर पस्तिसावं मिनिट चाललं होतं. पोरानं वाकून बघितलं आणि म्हणालं, "ही गेम हाय मामा. कॉम्प्युटरवरली. मान्सं न्हाईत ती." तसं नीट बघितल्यावर मामांच्याही लक्षात आलं की इतक्या वेळात एकालाही घाम आलेला नव्हता.

त्या दिवसापासून मामा लिंक उघडत नाहीत, आणि कोणी उघडत असलं तर काढून घेतात. तेवढं त्यांचं ऐकावं, असं माझंही मत आहे.

२०२६ ची ओळ वहीत आखून तयार आहे. पहिला सामना ११ जूनला, पुन्हा त्याच अझ्टेका स्टेडियमवर, आपल्याकडं १२ तारीख लागल्यावर साडेबाराला. त्या वर्षी जेठ अधिक आहे, म्हणजे तेव्हा धोंड्याचा महिना. मामांनी जावयाला धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण नेमकं त्याच रात्रीचं दिलंय, कारण जावयाकडं स्वतःचा प्रोजेक्टर आहे. जावई सासुरवाडीच्या मानानं हरखून गेलेत. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. फायनल १९ जुलैला न्यूजर्सीत, आपल्याकडं २० तारीख लागल्यावर साडेबाराला. तेव्हा पाऊस पडत असला तर मोबाईलवर, नसला तर छत्रीवर, असा निर्णय झालेला आहे. दोह्यातल्या पोराला मात्र या वेळी फोन लावायचा नाही, असं मामींनी बजावलंय.

तुम्हाला यायचं असेल तर पूर्ण्याहून पॅसेंजर धरा, चुडाव्याला उतरा, घर कोणीही दाखवेल. पांघरूण इथं मिळेल, शेंगा मिळतील, चहा मिळेल. एचडीएमआयची वायर तेवढी आपापली आणा, मामांची गेल्या वेळी कोणीतरी नेली. आणि काही झालं तरी हॉटस्पॉट मागू नका, मामा देतील.